चोवीस अंशांचा संयम

१९ जून २०२४ रोजी दुपारी तीनच्या सुमारास दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली. राजधानीला एका क्षणी इतकी वीज त्याआधी कधीच लागली नव्हती. त्याच दिवशी सफदरजंग वेधशाळेत नोंदलेले किमान तापमान होते ३५.२ अंश. पुण्या-नाशिकच्या वाचकाला हा आकडा भर दुपारचा वाटेल, पण तो रात्रीचा आहे. अशा रात्री गच्ची निवत नाही, भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते, पंखा गरम हवाच फिरवत राहतो. ज्याच्याकडे एसी आहे त्याच्या मनात तो बंद करण्याचा विचारही येत नाही, आणि त्याला दोष देणे कठीण आहे. २००२ साली दिल्लीची कमाल मागणी २,८७९ मेगावॉट होती. बावीस वर्षांत ती तिप्पट झाली.

त्याच २००२ सालच्या १ मार्चला ऊर्जा संवर्धन कायदा लागू झाला. वाजपेयी सरकारात कोकणचे खासदार सुरेश प्रभू ऊर्जामंत्री असताना, २००१ मध्ये, संसदेने तो मंजूर केला. रामकृष्णपुरममधल्या सेवा भवनातून चालणारे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो हे या कायद्याचे अपत्य. कायदा केंद्राचा असला तरी त्याचे निम्मे हातपाय राज्यांचे आहेत. इमारतींची संहिता आपल्या हवामानानुसार बदलून घेणे, ऊर्जा बचतीसाठी स्वतंत्र निधी उभारणे, अमुक उपकरण वापरा आणि तमुक वापरू नका असे आदेश काढणे, हे अधिकार राज्य सरकारांना मिळाले. हरियाणाने २००५ मध्ये आणि दिल्लीने २००६ मध्ये त्यांच्याच आधारे मोठ्या इमारतींना सौर बंब सक्तीचे केले. पुढे उपकरणांवर वीज बचतीचे तारे आले, बल्ब बदलले, आणि शेवटी कायद्याचा हात थेट शयनगृहातल्या रिमोटपर्यंत पोहोचला.

ऑक्टोबर २०१९ च्या अधिसूचनेने ठरवले की १ जानेवारी २०२० पासून तारांकित असलेला प्रत्येक घरगुती एसी सुरू करताच २४ अंशांवर लागेल. हवे तर माणसाने ते खाली आणावे, पण त्यासाठी बटण त्याने दाबायचे. तोवर कार्यालयांत आणि हॉटेलांत १८ ते २१ अंश ठेवून वर शाल-स्वेटर घालण्याची रीत पडली होती. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा हिशेब आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी त्याही पुढचे पाऊल बोलून दाखवले: एसी २० अंशांच्या खाली आणि २८ च्या वर जाऊच शकणार नाही, असा नियम करण्याचा विचार. आपल्या घरात आपण किती गारव्यात झोपावे हे सरकार कोण सांगणार, असा प्रश्न त्यावर उमटणे स्वाभाविक होते.

हा प्रश्न विजेचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे. कायद्याने घडवलेला संयम हा संयम असतो का?

आपल्याकडचे पहिले उत्तर नकाराचे येते. व्रताला संकल्प लागतो. पळीभर पाणी सोडून, देश-काल उच्चारून, मी अमुक करीन असे म्हटल्याशिवाय व्रत सुरूच होत नाही. घरात शिधा नाही म्हणून उपाशी झोपलेल्या माणसाला कुणी एकादशी केलीस म्हणत नाही. त्या मापाने पाहिले तर कारखान्यातच २४ वर लावून आलेल्या एसीखाली झोपलेल्या माणसाच्या खात्यावर कसलेच पुण्य जमा होत नाही. वाचलेली वीज यंत्राची, आणि श्रेय असलेच तर अधिसूचना लिहिणाऱ्याचे.

पण याच परंपरेत शिवरात्रीच्या व्याधाची कथा आहे. श्रीधरांच्या शिवलीलामृतामुळे ती महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. शिकार मिळाली नाही म्हणून व्याध उपाशी राहिला, हरणाची वाट पाहत झाडावर बसला म्हणून जागरण झाले, समोरचे नीट दिसावे म्हणून बेलाची पाने तोडून खाली टाकली ती नेमकी पिंडीवर पडली. त्याच्या मनात ना शिव होता ना व्रत. तरी ते व्रत धरले गेले, आणि कथेतला खरा चमत्कार त्यानंतरचा आहे: एकेक प्रहर सरला तसे त्याचे मन मऊ होत गेले आणि समोर आलेल्या हरिणीवर त्याला बाण सोडवेना. आधी कृती घडली, वृत्ती मागून आली. कायद्याची बाजू मांडायला याहून चांगला दृष्टान्त सापडणे अवघड. २४ अंशांवर चार रात्री झोपलेल्या शरीराला २४ ची सवय होते आणि १८ अंशांत हुडहुडी भरते. संयम नेहमी आतून बाहेर येतो हा समज अर्धाच खरा आहे. तो बाहेरून आतही जातो, आणि रिमोटच्या आकड्यावरूनही जाऊ शकतो.

शिवाय कायद्याला पुण्याशी देणेघेणे नाही. तो दुसऱ्याला होणारी इजा मोजतो. ती इजा पाहायची असेल तर दिल्लीतल्या लक्ष्मीनगर किंवा मुखर्जीनगरच्या एखाद्या गल्लीत जूनच्या संध्याकाळी उभे राहावे. दोन्ही हात पसरले तर समोरासमोरच्या भिंतींना लागतील की काय असे वाटणाऱ्या त्या गल्ल्यांत, चार-चार मजल्यांवर लोखंडी कंसांवर एसीचे बाहेरचे डबे टांगलेले असतात, एकमेकांकडे तोंड करून. प्रत्येक डब्यातून गरम झोत येतो, आणि खाली पाण्याचे थेंब पडून रस्त्यावर ओल धरलेली असते. एसी उष्णता नाहीशी करत नाही. खोलीतली उष्णता तो गल्लीत नेऊन टाकतो आणि कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता तिच्यात भर घालतो. वरच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, कूलरवर भागवणारा विद्यार्थी, कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी लावणारा माणूस आणि त्याची बायको, हे सगळे त्या झोतात उभे असतात. एकाचा गारवा दुसऱ्याच्या अंगावर उष्णता होऊन पडतो, आणि अहिंसेचा विचार करणाऱ्या कुणालाही याकडे काणाडोळा करता येणार नाही. चांगले यंत्र कमी वीज खाते म्हणून गल्लीत कमी उष्णता टाकते. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले आणि आदल्या दिवसापर्यंत पंचतारांकित असलेले एसी चार ताऱ्यांवर आले; तेव्हा त्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याच्या बाजूने कायदा थोडा सरकला.

इथवर कायद्याचे पारडे जड आहे. अडचण पुढे आहे, आणि ती त्या ताऱ्यांच्या पट्टीवरच छापलेली असते.

दुकानातल्या एसीवर चिकटवलेली ती पट्टी नीट वाचावी. तारे, वर्ष, क्षमता, कार्यक्षमतेचा अंक, आणि वर्षाला किती युनिट लागतील त्याचा आकडा. तो वार्षिक आकडा वर्षाला १,६०० तास वापर गृहीत धरून काढलेला असतो. कुणी मे-जूनच्या रात्रीपुरता एसी लावला काय आणि कुणी मार्च ते ऑक्टोबर चोवीस तास तीन खोल्यांत चालू ठेवला काय, तारे पाचच. एका युनिटात किती गारवा मिळतो, हे कायदा विचारतो. किती गारवा पुरे, हे तो विचारत नाही.

लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिरात येणाऱ्या श्रावकांना हा दुसरा प्रश्न परका नाही. गृहस्थाने पाळायच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण हे एक व्रत आहे. जे एकदा वापरले की संपते तो भोग, जसे अन्न; जे पुन्हा पुन्हा वापरता येते तो उपभोग, जसे वस्त्र, दागिना, घर. या दोहोंना आपण होऊन मर्यादा घालायची, संख्या ठरवायची: इतकी वस्त्रे, इतके पदार्थ, इतकी वाहने. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांत चातुर्मासात असे नियम आजही घेतले जातात. आचार्य तुलसींनी १९४९ मध्ये अणुव्रत आंदोलन सुरू केले तेही याच पायावर: साधूचे महाव्रत संसारी माणसाला झेपणार नाही, पण लहान, मोजता येणारे व्रत झेपेल. या शास्त्रात वीज हा भोग आणि एसी हा उपभोग, आणि दोन्हींवर आकडा पडला पाहिजे. आपल्या कायद्याने उपभोगाची जात सुधारली, परिमाणाला मात्र हात लावला नाही.

याचा परिणाम काय होतो हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच मांडले होते. वाफेची इंजिने जितकी काटकसरी झाली तितका ब्रिटनमधला कोळशाचा एकूण खप वाढला, कारण काम स्वस्त झाले आणि नवनवी कामे सुचली. दिल्लीत बिल परवडू लागले की एका एसीचे दोन होतात, मग पाहुण्यांच्या खोलीत तिसरा. देशात आता वर्षाला एक कोटीहून अधिक एसी विकले जातात. जेव्हन्सचा नियम प्रत्येक वेळी पूर्णपणे लागू पडतोच असे नाही, वाचलेल्यातले बरेचसे खरोखर वाचते. पण तृष्णा आणि कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्याने कायमचे दाखवून दिले.

महाभारताला हे ठाऊक होते, आणि गंमत नव्हे तर अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की त्याने ते याच भूमीवर घडवले. भोगाने भोगेच्छा शमत नाही हे मुलाचे तारुण्य घेऊन पाहिल्यावर कळलेला ययाती हा कुरूंचा पूर्वज, आणि ज्या मेरठ जिल्ह्यात हस्तिनापूर आहे तो आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. इंद्रप्रस्थ वसले ते खांडववन जाळून. त्या कथेतला अग्नी भुकेला नाही, तो अजीर्णाने आजारी आहे. श्वेतकी राजाच्या वर्षानुवर्षे चाललेल्या यज्ञात तूप खाऊन खाऊन त्याचे तेज गेले, आणि औषध म्हणून त्याला अख्खे वन खायला हवे आहे. कृष्ण आणि अर्जुन वनाच्या दोन बाजूंनी उभे राहून पळणाऱ्या जिवांना परत आगीत लोटतात. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रसंगाकडे पाहताना कुणाचीही भीड ठेवली नाही, हा संहार त्यांना शौर्य वाटला नाही आणि त्यांनी तो तसा रंगवलाही नाही. खाऊन अजीर्ण झाले म्हणून आणखी खायचे, आणि ते दुसऱ्याच्या वस्तीतून, हे दिल्लीच्या स्थापनेच्या कथेतच आहे.

आजचे खांडववन दूर आहे. बदरपूरचे औष्णिक केंद्र १५ ऑक्टोबर २०१८ ला कायमचे बंद झाले आणि दिल्लीच्या हवेसाठी ते योग्यच झाले. पण दिल्लीच्या विजेत मोठा वाटा बाहेरच्या कोळशाचा आहे, आणि त्यातला बराच सिंगरौली पट्ट्यातून, सासनसारख्या केंद्रांतून येतो. तिथल्या कित्येक कुटुंबांना आधी रिहंद धरणाने उठवले, मग खाणींनी, मग वीज केंद्रांनी. चंद्रपूरची राख आणि मुंबईचे दिवे यांचे नाते ज्यांना माहीत आहे त्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत खेड्यातला शेतकरी रात्री दोनला उठून पंप लावत होता आणि मुंबई उजळलेली होती, हेही अजून विसरले गेलेले नाही.

गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्रे लिहिली. अस्तेयावरच्या पत्रात त्यांनी चोरीचा अर्थ फार लांबवर नेला: खरी गरज नसताना घेतलेली वस्तू, मग ती मालकाच्या परवानगीने का घेतलेली असेना, चोरीच. दिल्लीला चोरीचा साधा अर्थ चांगला परिचयाचा होता. दिल्ली विद्युत बोर्डाच्या अखेरच्या काळात निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच येत नव्हते; काही तारांत जिरत होती, काही आकडे टाकून उचलली जात होती, आणि त्यात झोपड्यांइतकेच कारखाने आणि कोठ्याही होत्या. विधानसभेने केलेल्या वीज सुधारणा कायद्यानुसार १ जुलै २००२ ला बोर्डाचे तुकडे झाले, वितरण कंपन्यांकडे गेले, मीटर बदलले, वस्त्यांना रीतसर जोडण्या मिळाल्या. आज ही गळती दहा टक्क्यांच्या आत आहे. देशात राज्य पातळीवरच्या कायद्याने केलेल्या वीज बचतीचे याहून मोठे उदाहरण शोधायला वेळ लागेल. आकड्याची चोरी कायद्याने पकडली. गांधीजींची चोरी मात्र मीटरमधून, बिल वेळेवर भरून, राजरोस चालते, आणि तिला पकडणारे कलम कोणत्याही कायद्यात नाही.

इथे एक धोका आहे आणि तो टाळलाच पाहिजे. संयमाचा उपदेश नेहमी खालच्या मजल्यापर्यंत सहज उतरतो आणि वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत थकतो. ज्याच्या खोलीत ३५ अंशांच्या रात्री एकच पंखा आहे त्याला परिमाण शिकवणे हा अधर्म आहे. त्याला आधी हवा मिळाली पाहिजे. आणि इथे कायद्याने, सरकारी खरेदीने जे केले ते कुठल्याही प्रवचनाने साधले नसते. ५ जानेवारी २०१५ ला दिल्लीत एलईडी बल्बांची योजना सुरू झाली, साउथ ब्लॉकमधला एक बल्ब बदलून. एकगठ्ठा खरेदीमुळे २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. गरिबाला काहीही न सोडता, उलट जास्त उजेड मिळून, बिल कमी आले. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही तारे सक्तीचे झाले. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, नव्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. तो अजून महाग आहे. बल्बाला जे केले ते पंख्याला करणे हे आज दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश या तिन्ही सरकारांचे पहिले कर्तव्य आहे.

उरला प्रश्न वरच्या मजल्याचा. तिथे उपदेश चालणार नाही, भिंत चालेल. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला टेरी या संस्थेने २००० साली बांधलेले प्रशिक्षण केंद्र आहे. जमिनीखाली चार मीटरवर, जिथे बारा महिने तापमान २६ अंशांच्या आसपास राहते, तिथून भुयारांतून हवा खेळवून खोल्या सुसह्य केल्या जातात. तिथून काही मैलांवर त्याच शहरात काचेचे मनोरे उभे राहिले, ज्यांना उन्हाळ्यात आतला गारवा राखण्यासाठी सतत वीज जाळावी लागते. कार्यक्षम यंत्रे दोन्हीकडे असू शकतात. फरक इमारत बांधण्याआधी कुणी काय विचार केला त्याचा आहे. डिसेंबर २०१८ च्या इको-निवास संहितेने घरांच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने त्याची इमारत संहिता निवासी इमारतींनाही लागू करण्याची वाट मोकळी केली. संहिता लागू होण्यासाठीची १०० किलोवॉट जोडभाराची मर्यादा आणखी खाली आणण्याची मुभाही तिने राज्यांना दिली. सोहना, ग्रेटर नोएडा, नरेला इथे आज जे मजले चढत आहेत त्यांत उद्या राहायला येणाऱ्या भाडेकरूला काचेची दिशा निवडायची संधी कधीच मिळणार नाही. त्याच्या वतीने ती निवड राज्याने आत्ताच करायची आहे, आणि ती न करणे हीसुद्धा एक निवडच ठरते.

परिमाणाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट दिल्लीत कायद्याच्या पुस्तकात नाही, ती वीज बिलात आहे. महिन्याला २०० युनिटांपर्यंत घरगुती वापर ऑगस्ट २०१९ पासून मोफत आहे, ४०० पर्यंत सवलत आहे, आणि ४०१ वे युनिट पडले की सगळी सवलत जाते. बिलाचे चक्र संपत आले की कितीतरी घरांत कुणीतरी मीटरसमोर उभे राहून आकडा वाचते आणि आज गिझर नको म्हणते. तत्त्वज्ञानाचे नाव न घेता पाळले जाणारे हे परिमाणच आहे. दरांचे टप्पेही तसेच चढतात: पहिल्या टप्प्याला तीन रुपये, १,२०० युनिटांच्या वर आठ. पण हा हिशेब मीटरमागे होतो, माणसामागे होत नाही. सीलमपूरमध्ये एका मीटरवर राहणारे नऊ जणांचे कुटुंब ४०० ओलांडते आणि सवलत गमावते. दक्षिण दिल्लीत दोन माणसांच्या घराला दोन मजल्यांचे दोन मीटर असतील तर दोन्हींचा वापर मर्यादेत राहू शकतो. दिल्ली विद्युत नियामक आयोग दर ठरवण्याआधी जाहीर सुनावणी घेतो. रहिवासी संघांचे लोक तिथे जाऊन बिल वाढू नये म्हणून हिरिरीने बोलतात. घरातल्या माणसांची संख्या मोजून टप्पे ठरवावेत, आणि वरच्या टप्प्यातून येणारा जादा पैसा खालच्या टप्प्यातल्या घरांचे पंखे बदलायला वापरावा, ही मागणीही त्या सुनावणीत त्यांनीच करायला हवी.